हृदय, चरबीसकट

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला निवृत्त तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचा दाखला मिळाला नाही. ते निकामी होत चालले आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व बँकेतली सर्व शिल्लक पत्नीला. कोणाच्या गोड बोलण्याला भुलून तिने घर विकू नये. कोणाच्या, ते तिच्या भावाला ठाऊक आहे.

२. माझ्या तीन सुऱ्या, चिमटे व वाकडी कात्री मुलीला. ती आता प्रयोगशाळेत माझ्याच जुन्या टेबलावर काम करते. त्या कात्रीने घरात कोणीही पिशव्या कापू नयेत.

३. आमचे माजी विभागप्रमुख, म्हणजे साहेब, यांना माझा राग, अविभाज्य. शवविच्छेदनात काढलेल्या हृदयाचे वजन करण्याआधी वरची चरबी खरवडून टाकायची, ही त्यांची शिस्त. एकतीस वर्षे मी ती खरवडून बादलीत टाकली आणि माझ्या सफाईचे कौतुक ऐकले. हृदय निकामी होऊन गेलेल्यांच्यात ती कधीकधी जास्त दिसते, असे मी एकदा बोललो. साहेब म्हणाले, "तुम्ही सुरी चालवा, डोकं मी चालवतो." आता ती चरबी शेजारच्या स्नायूला बिघडवते का, यावर त्याच प्रयोगशाळेत संशोधन चालले आहे. जपून ठेवलेल्या हृदयांचे जुने नमुने काढून पाहिले, तर एकावरही चरबी नाही. सगळे माझ्या हातचे. साहेबांना माफ करणार होतो, पण मग सगळा दोष एकट्या माझ्याकडे येतो.

४. मी जन्माचा काटकुळा. तरी स्कॅनमध्ये हृदयाभोवती चरबीचा जाड थर निघाला. पत्नी डॉक्टरांसमोरच म्हणाली, "या माणसाला चरबी आहे, हे मी लग्नापासून सांगतेय. मशीनला आत्ता कळलं."

५. सबब माझे हृदय मृत्यूनंतर त्या संशोधनाला द्यावे. अट एकच: चरबीसकट. कोणीही ते साफ करू नये. पत्नीला ही फाडाफाडी मुळीच पसंत नव्हती. तिने दोन दिवस अबोला धरला, मग रडून संमती दिली.

६. ~~त्या दिवशी माझ्या मुलीने रजा घ्यावी.~~ मसुदा वाचून ती म्हणाली, "बाबा, मी नसले तर साफ करून टाकतील ते. तुम्हीच लावलेली सवय आहे सगळ्यांच्या हाताला. मीच काढीन." म्हणून वरचे वाक्य मी स्वतः खोडले आहे व शेजारी सही केली आहे. सही हलली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार: १. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ४ मार्च