वाळवंटातली छत्री

त्सुफेनहाउझेन, स्टुटगार्ट
ता. १२ नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप सौ. मालिनीवहिनींस,
श्रीपादचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं चकल्यांचं पार्सल नेमकं भाऊबीजेला हातात पडलं. निम्म्या चकल्यांचा भुगा झाला होता, तो दह्यात कालवून खाल्ला. घरमालकीण फ्राउ केसलर यांना एक अख्खी चकली दिली, तर त्या ती सुरी-काट्याने कापायला बसल्या. तुकडा उडाला आणि कपाटाखाली गेला, अजून तिथेच आहे. माझी प्रकृती ठीक. प्रबंधाचं तिसरं प्रकरण प्रोफेसरांनी पुन्हा परत पाठवलंय, म्हणजे तेही ठीकच आहेत.

आप्पांचं पत्र आलं. कार्तिकी पौर्णिमेला दादा बेपत्ता झाल्याला बारा वर्षं पुरी होतात, त्यानंतर मिरजेला कृष्णेच्या घाटावर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची आणि त्या दिवशी मी इथे स्नान करून तीळ-पाणी द्यायचं, असं त्यांनी लिहिलंय. तीळ इथे मिळतात, पावावर लावलेले असतात. त्याविषयी पुढे लिहितो.

सप्टेंबरच्या अखेरीस इथे कानस्टाटची जत्रा असते. मोठे पाळणे, बिअरचे तंबू, तुफान गर्दी. लॅबमधली मंडळी मला दरवर्षी ओढून नेतात आणि दरवर्षी मी अर्ध्यातून पळून येतो. कारण विचारलं तर गर्दी सोसत नाही म्हणतो. खरं म्हणजे मी तिथे माणसांच्या पाठी बघत हिंडतो. कोणाच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेली आहे का, ते बघतो. जर्मन माणूस छत्री हातात धरतो, वहिनी. तरी मी बघतो.

तुमच्या वडिलांनी दादाला लग्नात दिलेली वाकड्या मुठीची छत्री आठवते ना? ती तो बिकानेरलाही घेऊन आला होता. मी त्याला किती हसलो! जुनागडचा लाल किल्ला पाहिला, देशनोकच्या देवळात पायांवरून उंदीर पळवून घेतले, उंटावर बसून कंबर मोडून घेतली, आणि सगळीकडे हा गृहस्थ कॉलरला छत्री अडकवून. "दादा, इथे पाऊस पडत नाही," म्हटलं, तर म्हणाला, "म्हणून काय खांदा मोकळा ठेवू?" रेल्वेच्या पासावर केलेली आमची चार दिवसांची सहल. शेवटचा दिवस कोलायतच्या जत्रेचा.

तिथे तळ्यावर दिवे सोडायला हजारो माणसं लोटली आणि त्या गर्दीत आमची चुकामूक झाली, हे मी घरी येऊन सांगितलं. तुम्ही ते माझ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की तुम्हाला पाठ झालं असेल.

गेल्या महिन्यात इथल्या प्रौढांच्या शाळेत एक व्याख्यान होतं. हेर ब्राउन, म्हणजे आपल्याकडचे ब्राउनसाहेब, असे एक निवृत्त शिक्षक आहेत, ते गेल्या वर्षी राजस्थान हिंडून आले. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायची आणि माहिती सांगायची, असा कार्यक्रम. फ्राउ केसलर मला कौतुकाने घेऊन गेल्या. किल्ला आला, उंट आले, उंदीर आले तशा बायका किंचाळल्या. मग कोलायतचं तळं आलं. घाटाच्या पायरीवर एक माणूस पाठमोरा वाकलेला, मान अर्धी वळलेली, आणि कॉलरला मागे छत्री. सगळं सभागृह हसलं. वाळवंटात छत्री! हेर ब्राउनही हसले, "गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही याचंच नवल वाटलं." पुढचं चित्र आलं, पण मला काही दिसलं नाही.

नंतर त्यांना गाठून ते चित्र तीनदा पाहिलं. कानशिलांवर केस पांढरे झालेत. तरी तो दादाच आहे, वहिनी. शेजारी आठएक वर्षांची मुलगी पानावरचा दिवा धरून उभी आहे. तिचं कपाळ आपल्या आईचं आहे.

आता लिहितोच.

चुकामूक झाली नव्हती. कोलायतला पायरीवर बसून दादा मला म्हणाला, "श्रीपाद, तू परत जा. मी येत नाही. त्या घरात माझा जीव घुसमटतो." एका उंटाच्या व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली होती, त्याच्याबरोबर तो निघाला होता. मी विचारलं, "आणि वहिनी?" लग्नाला आठ महिने झाले होते तुमच्या. तो म्हणाला, "बारा वर्षं थांबतील, मग माझा पुतळा जाळतील. सगळं रीतसर होईल." आणि त्याने मला गळ्याची शपथ घातली. मी एकोणीस वर्षांचा होतो. तो गर्दीत शिरला, छत्री बराच वेळ दिसत होती. मी हाक मारली नाही.

शपथेचा बहाणा मी पुढे करत नाही. त्याहून मोठं पाप मी घरात बसून केलं. एकावन्न साली तुम्हाला मिशनच्या इस्पितळात नर्सिंगला जागा मिळाली होती. तुम्ही कागद हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिलात. म्हणालात, "भावजी, खरं सांगा, ते येतील का? आले आणि मी घरी नसले तर?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "येतील." तुम्ही तो कागद चुलीत घातलात आणि माझ्यासाठी चहा टाकलात. त्या चहाची चव माझ्या तोंडातून गेलेली नाही.

छायाचित्राची प्रत सोबतच्या बंद पाकिटात आहे. बघायची नसेल तर उघडू नका. पुतळा जाळायचा की नाही, ते आप्पांनी ठरवायचं नाही आणि मी तर नाहीच नाही. तुम्ही ठरवा. आप्पांना सांगायचं असेल तर हेच पत्र त्यांच्या हातात द्या. मी तीळ-पाणी देणार नाही. जिवंत माणसाला ते देववणार नाही.

एक राहिलं. बारा वर्षं नातेवाईक तुमच्या नावामागे 'सौ.' लिहिताना अडखळत आले. कित्येकांनी नुसतं 'मालिनीबाई' लिहून वेळ मारून नेली. मी एकटा दर पाकिटावर ठळक अक्षरांत 'सौ.' लिहायचो, आणि तुम्ही शेजारपाजारी ते दाखवून म्हणायचात, आमच्या भावजींची श्रद्धा बघा.

ती श्रद्धा नव्हती, वहिनी. मला माहीत होतं.

आजही तसंच लिहिलंय. यापुढे तुमचं नाव कसं लिहायचं, आणि मी लिहायचं की नाही, ते तुम्हीच सांगा.

दादाला हाक न मारलेला,
श्रीपाद