पिशवीतलं पाणी

बोम्मसंद्रा,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना,

खंडोजीचा नमस्कार. पत्राची सुरुवात तशी करायची असते म्हणून करतो. मी बरा आहे. माझा मित्र नागराज, त्याच्या खोलीवर राहतो, शिफ्टला वेळेवर जातो. तुम्ही माझा फोन कापता, म्हणून हे पत्र त्याच्या हाती पाठवतो आहे.

शुक्रवारी चेन्नईहून माशांचं पार्सल येईल. घर सोडण्याआधीच मागवलं होतं. जिवंत माल परत घेत नाहीत, तेव्हा नीट वाचा.

खोका उन्हात ठेवू नका. कोपऱ्यातल्या छोट्या टाकीचा लाइट बंद करा, हवेचा पंप चालू ठेवा. पिशवी न उघडता त्या पाण्यावर तरंगत ठेवा, अर्धा तास तरी. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं पाहिजे. मग ती उघडून टाकीतलं पाणी वाटीने आत घाला, थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. टाकीत त्याचा थेंबही जाता कामा नये. प्रवासभर मासे त्यातच घाण करतात, आणि दुकानातला रोगही त्यातूनच येतो. मोठ्या टाकीत दोन मासे उरले आहेत. नवे त्यांच्यात कधी सोडायचे, ते मी आल्यावर बघू.

आलो तर.

गेल्या वेळीही हे सगळं सांगूनच कामाला गेलो होतो. "सरी, सरी, कळलं, नववी नापास मला शिकवतोय," म्हणालात. परत आलो तर रिकामी पिशवी गॅलरीत वाळत होती. आठवड्याच्या आत आईचा काळा मासा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला आणि तळाशी आडवा झाला. ती गेल्यावर, तिने वाढवलेल्यांपैकी तो शेवटचा उरला होता. तुम्ही हसून म्हणालात, "मासाच ना? बाजारात ढीग मिळतील."

"पिशवी टाकीत कुणी ओतली?" असं मी विचारलं, तेव्हा भाग्यलक्ष्मी पुढे आल्या. त्यांच्याशी लग्न करून तुम्ही त्यांना घरी आणलंत त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तेही मला न सांगता. मी दारात चपला काढत होतो आणि तुम्ही म्हणालात, "ही आता इथेच राहणार." बस्स, तेवढंच.

"मीच ओतलं रे. तळमळत होते, पाप, बिचारे. स्वल्प घाई झाली," त्या म्हणाल्या.

मी त्यांना काय काय बोललो, ते तुम्ही ऐकलंत. आईच्या वस्तूंना हात लावायचा तुम्हाला काय अधिकार, इथपर्यंत बोललो. त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या. तुम्ही पेपर वाचत होतात. मधेच पान उलटलंत. मी बॅग भरली तेव्हा दारात आडव्या आल्या त्या, आणि आतून तुमचा आवाज, "जाऊ दे गं, त्याला मासेच जवळचे!"

परवा वरच्या मजल्यावरच्या मैत्रेयीअक्कांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दिवशी भाग्यलक्ष्मी माझ्याबरोबर चिकपेटेत होती रे, साड्या बघायला. पार्सल आलं तेव्हा घरी फक्त तुझे अप्पा."

अप्पा, मासा मेल्याचा राग मी गिळला असता. चूक कुणाचीही होते. पण जिला या घरात अजून पाय ठेवायची भीती वाटते, तिने तुमचं पाप अंगावर घेतलं आणि तुम्ही घेऊ दिलंत. आमच्या दोघांत भांडण नको म्हणून घेतलं असणार. तुम्हाला तेवढंही सुचलं नाही.

शुक्रवारी पिशवी त्यांच्या हाती द्या. तुम्ही टाकीजवळ जाऊ नका. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे पत्र तुम्हालाच त्यांना कन्नडमध्ये वाचून दाखवावं लागेल. नुसता माशांचा भाग नाही. सगळं.

मग त्यांना मला फोन करायला सांगा. मला त्यांची माफी मागायची आहे. पण त्या पुन्हा "मीच ओतलं" म्हणाल्या, तर तुम्ही मधलं गाळलंत हे मला कळेल आणि मी येणार नाही.

तुमचाच, कारण ते काही बदलता येत नाही,
खंडोजी