जिन्यातल्या खुर्च्या

३ जानेवारी, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. पुतणीच्या लग्नात भाषण मीच करणार, विषय 'सहजीवन'. कोणी सांगितलेलं नाही, पण इतकी वर्षं संसार टिकवलेला दुसरा आहे कोण घरात? हिला मुद्दे वाचून दाखवले. मधेच म्हणाली, अहो, बंद लिफ्टचं बघा ना जरा. सोसायटीचा सेक्रेटरी झालो म्हणून ऊठसूट लिफ्ट! चार मजले जिने चढणं म्हणजे फुकटचा व्यायाम. बघू म्हटलं.

७ जानेवारी
लिहायचं राहिलं. पाहुणे. (खरं म्हणजे झोप.) उद्यापासून पक्कं.
ही हल्ली खुर्चीत बसूनच झोपते. आडवं झालं की गुदमरतं म्हणे. उशी बदल म्हटलं. मला मात्र अख्खा पलंग. भाषणासाठी मुद्दा सुचला: खरं प्रेम दुसऱ्याला जागा देतं.

१२ जानेवारी
दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींनी जिन्यात खुर्ची ठेवली आहे. बायकांना गप्पा मारायला बैठक! ही येता-जाता तिथे टेकते आणि मी इथे चहाची वाट बघत ताटकळतो. नोटीस लावली: जिन्यात सामान ठेवू नये.

१३ जानेवारी
कमाल आहे! तिसऱ्या मजल्यावर मास्तरांची खुर्ची, पहिल्यावर कोणाचं तरी स्टूल. माझ्याविरुद्ध कट शिजतोय. मी जिन्यात शिरलो की सगळे गप्प होतात.
तळमजल्यावरचा ड्रायव्हर म्हणाला, काका, काकूंना डॉक्टरकडे नेऊ का? गाडी दारातच आहे. म्हटलं, मी काय मेलोय? लग्न पार पडलं की मीच नेणार. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ जानेवारी
सगळ्या खुर्च्या, स्टुलासकट, उचलून गच्चीवरच्या खोलीत टाकल्या. कुलूप. एकट्याने! कंबर धरली. हिला बाम चोळायला सांगितला. चोळला, पण मधे मधे थांबत होती. हल्ली माझ्या जुन्या सपाता घालून फिरते. स्वतःच्या चपला होत नाहीत म्हणे. या वयात पाय वाढतात का कोणाचे? मी पोट धरून हसलो. ती नाही हसली.

१७ जानेवारी, दुपार
लग्न उद्या. भाषण तोंडपाठ. 'सुखात आणि दुःखात' म्हणताना आवाज छान कापतो, आरशासमोर करून बघितलं. ही बाजारातून अजून यायची आहे.
जिन्यात गलका चाललाय. कोणीतरी धावत वर येतंय. खुर्च्यांसाठी मोर्चा असणार. येऊ देत. मी दार उघडणार नाही.

१८ जानेवारी, हॉस्पिटल
काल त्यांनी दार फोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.
ही दुसऱ्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसली होती. ओठ निळे. मास्तरांनी तिला पाठीला आधार देऊन धरलं होतं. वहिनींनी घरातून शिवणयंत्रापुढची खुर्ची आणली, तिच्यात बसवून चौघांनी खाली नेलं. ड्रायव्हरने गाडी चालू ठेवली होती. मी मागून, हातात गच्चीची किल्ली. ती कशाला घेतली होती, देव जाणे.
डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी आहे. पायांना सूज कधीपासून? मी म्हटलं, सूज? पावसाळ्यापासून, असं वहिनींनी सांगितलं.
पुढचे काही दिवस नाजूक आहेत म्हणतात.
आत एकालाच थांबता येतं. कोणाला थांबू देऊ, असं नर्सने हिलाच विचारलं. मी उठून शर्ट नीट केला, पुढे झालो. हिने वहिनींकडे बोट दाखवलं. मग मला म्हणाली, अहो, तुम्ही निघा, भाषणाला उशीर होईल. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की मी जाईन.
लग्नाला गेलो नाही. बाहेर बाकावर बसलोय. आत ही दम खात खात वहिनींशी काहीतरी बोलतेय. एवढं काय बोलायचं होतं हिला, मला माहीत नाही.