निर्धूळ घराची योजना

७ फेब्रुवारी

बाळंतपणानंतर मुलगी बाळाला घेऊन आपल्याकडे राहायला येणार, हे आज नक्की झालं. एप्रिलच्या सुरुवातीची तारीख आहे. ही लगेच पडदे धुवायला काढू लागली. हिचा विचार पडद्यांपाशी थांबतो. मी मुळाशी गेलो. नवजात बाळाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? धूळ. घरात धुळीचा कण ठेवायचा नाही, असा निश्चय केला. इतकी वर्षं कंपनीच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये काढली ती काय उगाच?

हिचं म्हणणं, रोज केर काढून फरशी पुसली की पुरे. मी काही बोललो नाही. निर्णय झालेला माणूस बोलत नाही.

१० फेब्रुवारी

दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने चाकांचं एक छोटं व्हॅक्यूम क्लीनर दाखवलं. म्हणाला, दोन बेडरूमच्या घराला हे भरपूर झालं. 'भरपूर झालं' म्हणणाऱ्यांनीच जगाची प्रगती अडवून धरली आहे. शिवाय त्याची वायर माझ्या पायात अडकली आणि मी मिक्सरच्या एका खोक्यावर बसलो. यापेक्षा मोठा दोष काय हवा?

उठताना भिंतीवरचं पोस्टर दिसलं. सेंट्रल व्हॅक्यूम सिस्टीम. मशीन कायमचं एका जागी, भिंतींच्या आतून पाइप, खोलीखोलीत सॉकेट. सॉकेटला नळी लावली की धूळ परस्पर भिंतीतून मशीनमध्ये. आणि मशीन लांब, म्हणून खोलीत आवाज नाही. विक्रेता म्हणाला, हे साधारणपणे घर बांधतानाच बसवतात. मी म्हटलं, आम्ही साधारण नाही. त्याने पावतीपुस्तक उघडलं. ऑर्डर देऊनच आलो.

१२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. भिंती फोडायच्या का, असं तिने विचारलं. मी शब्द सुधारला. फोडायच्या नाहीत, चर घ्यायचे. फरक तिच्या लक्षात आला नाही. मशीन कुठे बसणार ते प्लॅनवर दाखवलं. ती म्हणाली, तिथे वॉशिंग मशीन आहे. नको त्या वेळी डिटेल्समध्ये शिरायची तिची सवय जुनीच आहे.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. त्यांनाही योजना समजावली. मग त्यांच्याकडे काय सिस्टीम आहे, असं सहज विचारलं. म्हणाले, सकाळी मी केर काढतो, संध्याकाळी तुमचे जावई काढतात. वाईट वाटलं. मुलगी चांगल्या घरी पडली आहे, पण मागासलेल्या.

२० फेब्रुवारी

गवंडी ठरवला. माणूस म्हणजे हिरा. पंधरवड्यात संपेल का? होऊन जाईल. चर सरळ येतील ना? होऊन जाईल. धूळ न उडवता? तेही होऊन जाईल. ऑफिसात अशी चार माणसं मिळाली असती तर मी आज कुठे असतो.

२४ फेब्रुवारी

काम सुरू. धूळ किंचित उडाली. हॉलमधून स्वयंपाकघर दिसेना. धूळ कायमची जायची तर आधी ती सगळी बाहेर यायला हवी, हे मी हिला नीट समजावलं. तिने नाकातोंडाला फडकं बांधलं होतं, त्यामुळे तिचं उत्तर कळलं नाही.

निश्चय : रोज संध्याकाळी सगळा पसारा मी स्वतः आवरायचा.

२५ फेब्रुवारी

आज दमलो होतो. उद्यापासून.

५ मार्च

गवंडी बरेच दिवस फिरकला नाही. फोन केला तर म्हणाला, दुसरीकडे अर्जंट काम निघालं, तुमचंही होऊन जाईल. बेडरूममधला चर अर्धाच आहे. पण त्याची छिन्नी इथे आहे. म्हणजे येणार.

९ मार्च

येऊन छिन्नी घेऊन गेला.

१० मार्च

राहिलेलं काम स्वतः करायचं ठरवलं. परक्या माणसाला आपल्या भिंतीबद्दल काय आपुलकी असणार? रजा टाकली, हातोडा आणि छिन्नी आणली. बेडरूमचा चर पूर्ण केला. जरा तिरका गेला आणि कपाटामागे त्याने एक वळण घेतलं. मी प्लॅनमध्ये तसं वळण काढून घेतलं. आता काम अगदी प्लॅनप्रमाणे चाललं आहे.

१५ मार्च

मुलगी घर बघायला आली. मी तिला एकेक सॉकेट दाखवला. तिच्या खोलीत दोन ठेवले आहेत, एक खास बाळाच्या बाजूला. ती दारातच उभी राहून बघत होती. पलंग हॉलमध्ये उभा करून ठेवला आहे, गादी बाल्कनीत, वॉशिंग मशीन पलंगाच्या जागी.

"बाबा, मी इथे नक्की कुठे झोपणार आहे?" ती म्हणाली.

एवढं दाखवल्यावर मुलीला झोपेचं सुचलं. मी म्हटलं, सगळं जागच्या जागी येईल. तिने चहासुद्धा घेतला नाही. जाताना दोघी मायलेकी जिन्यात बराच वेळ बोलत होत्या. ही वर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. धुळीनेच. सिस्टीमची किती गरज आहे, ते यावरून कळावं.

२८ मार्च

नात झाली. तारखेच्या आधीच आली.

सकाळी जावयांचा फोन आला तेव्हा मी हॉलमधल्या मुख्य जोडाला सोल्यूशन लावून पाइप दाबून धरला होता. ही म्हणाली, लगेच निघा. आता हात सोडला तर सगळं पहिल्यापासून, हे मी तिला शांतपणे सांगितलं. ती एकटीच टॅक्सीने गेली. जोड पक्का बसला. माझा अंगठाही. तो सोडवून, मग टॅक्सी शोधून हॉस्पिटलात पोचेपर्यंत नात जन्मून, रडून, दूध पिऊन झोपली होती.

नर्सने मला दारातच अडवलं. भुवयांत प्लास्टर आहे म्हणाली. स्वच्छतेबाबत तिचे आणि माझे विचार तंतोतंत जुळतात, हे बघून बरं वाटलं. नात काचेतून पाहिली. तोंड दुसऱ्या बाजूला होतं. व्याही आत होते. त्यांनी मला हात केला.

३१ मार्च

मुलगी हॉस्पिटलातून परस्पर सासरी गेली. तात्पुरतंच असणार. ही पण मदतीला तिकडेच गेली. जाताना म्हणाली, "घर झालं की कळवा. पण खरंच झालं असेल तरच."

म्हणजे तिलाही उत्सुकता आहे.

३ एप्रिल

सिस्टीम पूर्ण. पलंग आणि गादी जागेवर आणली. आज दुपारी मशीन सुरू केलं. बघायला कोणी नव्हतं. व्याह्यांना फोनवरून ऐकवावं असं मनात आलं, पण आवाज येत नाही हीच तर खुबी आहे. ऐकवणार काय?

सकाळीच हिचा फोन आला होता. कपाटातले बाळाचे कपडे आणि हिने विणलेली टोपी घेऊन या, म्हणाली. दोन्ही कपाटातून काढून पलंगावर ठेवलं होतं. गादीपासूनच सुरुवात करावी म्हणून नळी लावली. खेच जबरदस्त आहे. टोपी एका झटक्यात गेली. भिंतीतून फडफडत गेलेली ऐकू आली, मग कपाटामागे आवाज थांबला. त्यानंतर मशीन चालू राहिलं, खेच मात्र गेली.

किरकोळ अडथळा. वायर घालून काढता येईल.

४ एप्रिल

सकाळी वायर घातली. वायरही आत राहिली.

हिचा फोन आला. टोपी आणताय ना, बाळाच्या डोक्याला वारा लागतो. मी म्हटलं, वाटेत आहे. हे खोटं नव्हतं.

मग बराच वेळ पलंगावर बसून राहिलो. मार्चभर ही संध्याकाळी त्या धुळीत, तोंडाला फडकं बांधून ती टोपी विणत बसायची. एकदा किनार चुकली म्हणून सगळी उसवून पुन्हा विणली होती. मी तेव्हा मापं घेत होतो.

कपाट ओढलं आणि हातोडा घेतला. आधी चुकीच्या जागी फोडलं, मग आणखी एका चुकीच्या जागी. प्लॅन उघडला नाही. तो कोणी काढलाय ते मला ठाऊक होतं. शेवटी वळणाचा पाइप सापडला, तो कापला. टोपी निघाली. पिवळी होती, आता सिमेंटच्या रंगाची झाली आहे. वीण मात्र कुठे सुटलेली नाही.

५ एप्रिल, व्याह्यांच्या घरी

टोपी हिच्या हातात दिली. भिंतीतून काढली, एवढंच सांगितलं. तिने लगेच टोपी बादलीत बुडवली. पाणी राखाडी झालं. ते ओतून तिने दुसरं घेतलं. तेही झालं. मी काही मुद्दे मांडणार होतो, पण तिसऱ्या पाण्यापर्यंत मलाच त्यातला एकही आठवेना.

मुलगी म्हणाली, बाबा, आधी अंघोळ करा. केली. कपड्यांतूनही धूळ झडत होती म्हणून व्याह्यांनी आपला पायजमा दिला. तो घोट्याच्या वर राहतो. तो बघून व्याही हसले नाहीत. याला मोठं मन लागतं. मागासलेपणाबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो.

मग नात मांडीवर दिली. वजन काहीच नाही, तरी हात अवघडतो. तोंड या वेळी माझ्याकडे होतं. नाक माझ्यावर गेलं आहे, असं मला वाटलं. कोणाला बोललो नाही.

हिने तेवढ्यात सांगून टाकलं. हिचा भाऊ उद्या माणसं पाठवून भिंती बुजवून घेणार, सिस्टीम दुकानदार घेईल त्या भावात परत द्यायची, आणि काम चाललेलं असताना मी तिकडे फिरकायचं नाही. तोवर मुक्काम इथेच.

यावर मला बरंच म्हणायचं होतं. देखरेखीशिवाय भिंत नीट बुजत नाही. पण नातीने माझा तोच अंगठा मुठीत धरला होता आणि नुकताच तिचा डोळा लागला होता. मान हलवून हो म्हटलं.