जमादाराची मान

ता. ४ नोव्हेंबर, मंगळवार
आमचा राखणीचा कुत्रा जमादार तीन दिवसांनी परत आला. कान फाटलेला, अंग चिखलाने माखलेले. गावठाणात कुत्र्यांचा मोसम चालू आहे. शेळ्यांच्या वाड्याकडे पाहिलेही नाही. पाणी पिऊन झोपला. तो नसताना काल लांडग्याने एक करडू नेले. शेळ्या सूनबाईच्या, सौ. कांताने वाढविलेल्या. एवढेच म्हणाली, "मामा, आता तरी त्याचं ऑपरेशन करून टाकू."
विचार करून सांगतो म्हणालो.
कुत्रा मात्र देखणा. पंचक्रोशीत असा दुसरा नाही.

ता. ६, गुरुवार
जनावरांचे डॉक्टर आले होते. करडांना लस. जमादाराचे पाय दाबून पाहिले. म्हणाले, मोठ्या हाडाचे कुत्रे लहानपणी खच्ची करू नये, सांधे भरू द्यावेत; मागील वर्षी तुम्ही नको म्हणालात, ते योग्यच झाले. सूनबाईसमक्ष म्हणाले. समाधान वाटले.
मी चौथी शिकलो. परंतु गोऱ्हा केव्हा खच्ची करावा हे विचारावयास फुलंब्रीपासून माणसे माझ्याकडे येत. घाई केली तर मान बारीक राहते. उशीर केला तर मस्ती अंगात मुरते, मग निघत नाही. मी मानेवर तळहात ठेवून सांगत असे.
डॉक्टर जाताना, "आता वय झालंय त्याचं. तुम्ही म्हणाल तेव्हा फोन करा."
जमादाराच्या मानेवर हात ठेवला. अजून थोडी भरावयाची आहे, असे सांगितले.
कांता शेण भरीत होती. "मामा, त्याला काय नांगराला जुंपायचंय व्हय?"
डॉक्टर हसले. मी हसलो नाही.

ता. ९, रविवार
कन्नडहून एक गृहस्थ मोटारसायकलने आले. त्यांच्या कुत्रीस जमादारच हवा. "लई जातिवंत हाय, आबा. नाव ऐकून आलो." चहा दिला. पुढील मोसमात पाहू, असा शब्द दिला.
ते गेल्यावर कांता, "पाहुण्याच्या कुत्रीचं झालं. आपल्या शेळ्यायचं काय?"


ता. १२, बुधवार
जमादारास साखळीने बांधले. शेळ्या फाटकातच अडून राहिल्या. तो पुढे चालल्याशिवाय निघेनात. अखेर कांता स्वतः काठी घेऊन दिवसभर रानात. संध्याकाळी जेवण वाढले आणि लगेच निजली.

ता. १५, शनिवार
साखळी सोडली. शेळ्यांबरोबर गेला.
कांता परतताच सांगू लागली, "मामा, लांडगा तुरीतून निघाला. ह्यो मधी जाऊन उभा. भुंकला बी नाय. लांडगाच वळला."
कसा उभा होता, ते पुन्हा विचारले. पुन्हा सांगितले. शेपटी ताठ होती काय? "व्हय, ताठ."
मग म्हणाली, "पण खाली कुत्री भुंकली की कान तिकडंच. आज राहिला. उद्याचं कोण सांगंल?"
तिचे म्हणणे खरे आहे.
खच्ची केल्यावर असा उभा राहील काय, हीच माझी शंका. परंतु आमचा काळ्या बैल खच्चीच होता. चढणीवर भरली गाडी मागे सरकू लागली, तेव्हा गुडघे टेकून त्याने ती धरली होती. त्यास भित्रा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

ता. १८, मंगळवार
सकाळी मानेवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. भरली आहे.
कांतास सांगितले. "तुमचा हात म्हणतो ना? मग झालं," म्हणाली आणि फोन आणून दिला. डॉक्टर परवा येतो म्हणाले. कन्नडच्या गृहस्थांस अद्याप कळविलेले नाही. शब्द दिला होता, काय सांगावे...
दिवस मावळला. कांता व शेळ्या अजून आल्या नाहीत. जमादार सकाळी त्यांच्यासोबत निघाला, तेवढा पाहिला. फाटक उघडून बसलो आहे. गावठाणात कुत्री एकसारखी भुंकत आहेत. जमादाराचा आवाज मी शंभरांत ओळखतो.
त्यांत तो नाही.