गॅलरीतलं अंथरूण

मामंजी, आपली चाळ पाडणार आहेत. घोडपदेवात असल्या चाळी आता उरल्यात किती, त्यात आपलीही गेली तर मी काही छाती पिटणार नाही. चौथी शिकलेय, अक्षर सांभाळून घ्या.

नकाशे काढणारी एक पोरगी आली होती. तिने खाली चौकात चटईवर नव्या बिल्डिंगचा कागद पसरला. त्यात एक लांब पांढरी पट्टी दिसली, मी बोट ठेवून म्हटलं, ही आपली गॅलरी. ती हसली. म्हणाली, आजी, ही पायपांची जागा. पूर्वीसारखी दारांपुढून जाणारी गॅलरी हवी असेल तर प्रत्येक घरातली आतली छोटी खोली जाईल, दोन्ही नाही मिळणार. रविवारी सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की गॅलरीच दिसते. कठड्याच्या गजांच्या सावल्या लादीवरून हळूहळू सरकताहेत, कुणाचे तरी पापड वाळताहेत, आणि तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन स्टुलावर बसलाय, भुवयांवर कापूस. गॅलरी लांबत लांबत मिलवरून पुढे जाते आणि टोकाला चक्क समुद्र असतो, जो आपल्या चाळीतून कुणाच्या बापाला दिसला नाही. जाग येते तर सून विचारते, आई, झोपेत कोणाशी भांडत होतात?

रविवारी चौकात जो तो गॅलरीच्या आठवणी काढत होता. बादली वाटेत ठेवली म्हणून जन्मभर माझ्याशी भांडलेली शेजारीण, तीसुद्धा डोळे पुसत होती. पोरगी माझ्याकडे वळली. "आजी, गॅलरी म्हणजे तुमची ओळख ना?"

"ओळख कसली, बाई. आत जागा नव्हती."

सासूबाई आधीच गेलेल्या. मी लग्न होऊन आले त्या रात्री तुम्ही अंथरूण काखेत मारलंत आणि आत उकडतंय म्हणून बाहेर गेलात. पौषातही तुम्हाला आत उकडायचं. बारा वर्षं उकडलं, शेवटपर्यंत. आता नातवाचं लग्न ठरलंय. माझ्या पोराचं अंथरूण मी बाहेर जाऊ देणार नव्हते. मी खोलीसाठी हात वर केला. गॅलरी थोड्याच हातांनी हरली. शेजारीण बोलत नाही. पोरगा म्हणाला, आई, तुझाच तर जीव होता तिच्यावर. मी म्हटलं, चहा निवतोय.

हे पत्र टाकणार कुठे, डब्यातच राहील. पण एक कधी बोलले नाही. त्या पहिल्या थंडीत तुमचा खोकला दारातून आत यायचा. आम्ही दोघं जागेच असायचो. तुम्हाला आत बोलवायला हे उठायला लागले की मीच यांचा हात धरून ठेवायची.