गोधडीतला जनरेटर

टालूना ओढा, साउथ ऑस्ट्रेलिया
३ जून १९९६

चि. नोएलीनला ताईचे अनेक आशीर्वाद.

अगं, तुला वेडबिड लागलंय का? टालूनाच्या पोस्टात तुझं पत्र आलंय का बघायला गेले, तर पोस्टातल्या बाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन एक लाकडी खोकं दाखवलं. दोन माणसांनी उचलावं एवढं! आत काय, तर तुझ्या मर्विनचा जनरेटर. मी तिथल्याच स्टुलावर मटकन बसले. एवढं धूड जिलाँगहून ट्रकने धाडलंस आणि एका शब्दाने कळवलं नाहीस!

आम्हाला हवाय कशाला तो? फ्रीज गॅसवर चालतो, दिवा गॅसचा, आणि टीव्ही मी मुद्दामच घरी ठेवून आले. राहता राहिलं केल्विनचं नाकाला लावायचं यंत्र. ते नसलं तर झोपेत त्याचा श्वास अडकतो हे खरं, पण आमच्या कॅरावॅनमधल्या बॅटरीवर ते रात्र काढतं. शेजारच्या कॅरावॅनमधला बेवन म्हणतो, आणखी एक बॅटरी घ्या, टपावर सौर पत्रा टाका आणि खुशाल वर्षभर रानात राहा. जनरेटर म्हणजे रानात गिरणी टाकणं, असं त्याचं मत.

पण तुझ्या भावोजींना कोण सांगणार? जन्मभर बस चालवली, इंजिन दिसलं की हात शिवशिवतात. लगेच चालू करून पाहिला. निलगिरीवरचे सगळे गुलाबी काकाकुवे एकदम उडाले. पाच मिनिटांत बेवन आला आणि फार अदबीने विचारून गेला, की आम्ही ट्रॅक्टर घेतला का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही तंबू-गाड्या घेऊन हिंडतोय, पण शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली असं कधी झालं नव्हतं.

रागावले आहे, पण तुझ्यावरच रागावणार ना. तब्येत सांभाळ.

तुझी,
ग्लेनिसताई


जिलाँग
१२ जून १९९६

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी थक्कच झाले. आभार राहिले बाजूला, उलट माझीच खरडपट्टी! करायला गेले काय आणि झालं काय. मर्विन गेल्यापासून तो जनरेटर शेडमध्ये पडून होता. दर रविवारी पुसायचा गं त्याला. भंगारात घालायचं माझ्याच्याने होईना. वाटलं, भावोजींच्या कामी आला तर मर्विनलाही बरं वाटेल.

आणि भावोजींचा श्वास काय एका बॅटरीच्या भरवशावर ठेवायचा? ती पहाटे उतरली तर तो बेवन येऊन फुंकर मारणार आहे का? त्याला म्हणावं, तुझी अक्कल तुझ्या टपावर ठेव. दुपारी जेवण झालं की भावोजींनी जनरेटर लावून वामकुक्षी करावी. म्हणजे बॅटरीही भरेल आणि रात्रीची चिंता नको.

आवाजाचं म्हणशील तर त्याचीही सोय केली आहे. आईची लोकरी ब्लँकेटं होती ना, त्यांचे तीन थर घालून मी गोधडी शिवली आहे. सोबत पाठवते. गाडीला लागून तुमची कापडी पडवी आहे, तिच्यात जनरेटर ठेव, म्हणजे पावसात भिजणार नाही. तीन बाजूंनी गोधडी टांग. मोकळी बाजू मात्र लोकांकडे ठेवू नकोस, आपल्या गाडीकडे ठेव. आवाज आपल्या घरचा, तो आपण ऐकावा, दुसऱ्याला कशाला त्रास?

राग गिळून टाक आणि माया तेवढी वर ठेव.

तुझी,
नोएलीन


टालूना ओढा
२४ जून १९९६

चि. नोएलीनला सप्रेम आशीर्वाद.

जिंकलीस बाई! गोधडी परवा आली आणि तू लिहिलंस तशीच मी टांगली. जनरेटर चालू आहे की बंद, हे शेजारी कळत नाही. बेवनची बायको मावीस टाके बघायला दोनदा आली. म्हणाली, बहीण असावी तर अशी. आणि बेवनची गंमत ऐक. गिरणी-गिरणी म्हणून नाक मुरडणारा तो माणूस काल स्वतःची उतरलेली बॅटरी काखेत मारून आमच्या पडवीत हजर! ढगाळ हवेत त्याचा सौर पत्रा संपावर गेलाय. मी हसून हसून बेजार झाले.

मलाही आता चटक लागली. विजेच्या किटलीत चहा, दुपारी टोस्ट. तू बरोबर होतीस, मी चुकले, हे लिहून देते. हे पत्र फ्रेम करून भिंतीवर लाव!

पडवीत जरा धुराचा वास कोंडतो, म्हणून त्या बाजूची खिडकी मी लावून घेते. केल्विनला वामकुक्षीनंतर डोकं जड वाटतं. मी म्हटलं, जेवताना बिअर एकच घे, आपोआप हलकं होईल. बाकी मजेत. थंडी मरणाची आहे आणि पावसाची चिन्हं आहेत.

आहे तशीच भांडखोर राहा.

तुझी,
ताई


जिलाँग
५ जुलै १९९६

ताई,

नमस्कार-चमत्कार लिहायला हात वळत नाही. आत्ता बेवनचा फोन येऊन गेला. भावोजी गाडीत बेशुद्ध सापडले, विमानाने ॲडलेडला नेलं, धुरामुळे झालं, एवढंच म्हणाला. कसला धूर, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, ते तुमच्या ताईंनाच विचारा. ताई, फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले.

मला खरं सांग. गोधडी टांगलेली होती का? माझ्या मनाला लागेल म्हणून लपवू नकोस, तुला आईची शपथ.

वीज गेली की मर्विन तो जनरेटर नेहमी पार अंगणाच्या टोकाला कुंपणापाशी नेऊन लावायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी दर वेळी बघायचे. मला वाटायचं, मला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून नेतो बिचारा! एकदाही विचारलं नाही गं, की एवढा लांब का. एकदाही नाही.

मंगळवारी तुला एक पत्र टाकलं आहे. थट्टेने भरलेलं आहे. ते आलं तर उघडू नकोस, तसंच जाळून टाक. मी येऊ का? आलेली चालेल का तुला?

नोएलीन


ॲडलेड
२० जुलै १९९६

चि. नोएलीनला आशीर्वाद.

शपथ घातलीस म्हणून सांगते. हो, गोधडी टांगलेली होती. मोकळी बाजू गाडीकडेच होती.

त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. पाणी आत येऊ नये म्हणून पडवीची चेन मी खालपर्यंत ओढली. गाडीचं दार त्याच पडवीत उघडतं. केल्विन यंत्र लावून आडवा झाला आणि मी मावीसकडे चहाला गेले. मध्ये एकदा छत्री घेऊन डोकावले होते. त्याचे गाल इतके गुलाबी दिसत होते की मला बरंच वाटलं. रानची हवा मानवली म्हाताऱ्याला, असं मी मावीसला जाऊन सांगितलं, आणि आणखी एक कप चहा घेतला. ऐकलंस ना? आणखी एक कप.

परत आले तर तो उठेना. हलवलं, थोबाडीत मारल्या, हाका मारल्या. माझा आरडाओरडा ऐकून बेवन धावला, त्याने लाथ घालून जनरेटर बंद केला आणि केल्विनला पायांना धरून पावसात ओढलं. डॉक्टर म्हणतात, त्या धुरात बिनवासाचा एक विषारी वायू असतो, तो रक्तात भिनतो, गाल गुलाबी दिसले तेही त्यानेच. यंत्र गाडीतली हवा ओढून त्याच्या नाकात ढकलतं. तीच हवा ढकलत होतं.

पहिले काही दिवस मी तुला शिव्यांची लाखोली वाहिली. खोटं कशाला बोलू? तोंडाला येईल ते बोलले, नर्सदेखत बोलले. मग माझं मलाच ऐकू यायला लागलं. तू शिवलीस, मी टांगली, त्याने चालू केला. शेजाऱ्याला त्रास नको, एवढा एकच विचार तिघांच्या डोक्यात. कुणी आपल्या माणसाचा विचार केलाच नाही.

आता तो शुद्धीवर आहे. जेवतो, चालतो, मला ओळखतो, तुझी चौकशी करतो. पण अलीकडचं सगळं पुसलं गेलंय. प्रवास, ओढा, बेवन, काहीही आठवत नाही. तो अजून घरीच आहे आणि आम्हाला निघायचं आहे, असं धरून चालतो. डॉक्टर म्हणतात, सुधारेल किंवा नाही सुधारणार.

तू विचारलंस, आलेली चालेल का. ये. शनिवारच्या गाडीने ये, मला एकटीला आता झेपत नाही. पण मन घट्ट करून ये. रोज सकाळी जाग आली की तो मला हळूच जवळ बोलावतो आणि म्हणतो, की नोएलीनच्या शेडमध्ये मर्विनचा जनरेटर नुसता पडून आहे, प्रवासाला फार उपयोगी पडेल, मागायला संकोच वाटतो पण आपली नोएलीन काही नाही म्हणायची नाही. मी रोज काहीतरी थाप मारते आणि बाहेर जाऊन रडते.

तू समोर दिसलीस की तो तुलाच विचारणार. काय सांगायचं ते गाडीतच ठरवून ये.

माया आहे तिथेच आहे, ती घ्यायला ये.

तुझी,
ताई